जपानच्या पहिल्या स्त्री वकिलांपैकी एक : योशिको मिबुची

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पण संसार म्हटला की शहाण्यालाही कधी ना कधी ती पायरी चढावी लागते. भावाभावांत जमिनीची वाटणी असते, वडिलांच्या मागे वारसा लावायचा असतो, नवराबायकोचे पटेनासे होते, आणि मग मुले कोणी सांभाळायची हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी काळा झगा घातलेला वकील हाच माणसाचा आधार. या आधाराच्या जागी पूर्वी जगात जवळजवळ सगळीकडे पुरुषच असत. घरातले सर्वांत मोठे दुःख बहुधा बाईच्या वाट्याला येई, पण ते कोर्टात मांडायला बाई उभी राहू शकत नसे. आजच्या लेखात अशा एका जपानी विदुषीची ओळख करून घ्यायची आहे, जिने हा नियम मोडून वकिलीची सनद मिळवली आणि पुढे घराघरांतली भांडणे मिटवणाऱ्या न्यायालयाचा पाया घालण्यास हातभार लावला. त्यांचे नाव योशिको मिबुची. १९८४ साली त्यांचे निधन झाले. २०२४ साली जपानच्या सार्वजनिक दूरदर्शनने त्यांच्या जीवनावर बेतलेली मालिका सहा महिने सकाळी दाखवली, आणि नव्या पिढीच्या तोंडी हे नाव पुन्हा आले.

बालपण आणि वडिलांचा सल्ला

योशिको यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ रोजी झाला, तोही जपानात नव्हे, सिंगापूर बेटावर. त्यांचे वडील सादाओ मुतो हे बँक ऑफ तैवानच्या नोकरीत होते व त्या वेळी त्यांची नेमणूक सिंगापूरला होती. जपानी लिपीत सिंगापूर हे नाव लिहिताना जी अक्षरे वापरत, त्यांतले एक अक्षर घेऊन मुलीचे नाव ठेवले गेले. आपण बेटावरची माणसे. जन्मगावाचे नाव जन्मभर अंगावर वागवण्यात काय गोडी असते हे आपल्याला सांगायला नको. पुढे वडिलांची बदली न्यूयॉर्कला झाली आणि १९२० साली ते जपानला परतले. योशिको सर्वांत थोरली, आणि तिच्या पाठीवर चार भाऊ.

परदेश पाहिलेल्या वडिलांचे विचार त्या काळाच्या मानाने फार पुढचे होते. मुलीने केवळ चांगली गृहिणी होण्याची वाट पाहू नये, पुरुषाप्रमाणे एखादी विद्या शिकावी व स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे ते तिला सांगत. डॉक्टरी किंवा वकिली यांचा विचार कर, असे त्यांनी सुचवले. योशिकोने कायदा निवडला.

आईला मात्र हे पसंत नव्हते. कायदा शिकलेल्या मुलीला नवरा कोण देणार, ही तिची चिंता. आपल्याकडेही मुलगी जास्त शिकली तर तिच्या तोडीचा मुलगा कुठून आणायचा, हे वाक्य आजीच्या पिढीने कितीदा ऐकले असेल! आई नातेवाइकाच्या श्राद्धविधीसाठी गावी गेली असताना योशिकोने वडिलांच्या संमतीने प्रवेशाची कागदपत्रे पुरी केली. आई परत आली तेव्हा रडली. शाळेच्या शिक्षकांनीही मुलीचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. पण योशिको बधली नाही.

बंद दाराची फट

त्या वेळी जपानात मुलींना कायदा शिकण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. टोकियोच्या मेइजी विद्यापीठाने १९२९ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग उघडला व त्यात कायदा आणि वाणिज्य हे विषय ठेवले. कौटुंबिक कायद्याचे नामवंत विद्वान प्राध्यापक शिगेतो होझुमी यांच्यासारख्यांचे या कामाला पाठबळ होते. १९३२ साली योशिकोने तेथे नाव घातले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या वर्षी तिने प्रवेश घेतला, त्या वर्षी जपानात स्त्रीला वकील होताच येत नव्हते. वकिलांच्या कायद्यात पुरुष असणे ही अटच होती. म्हणजे या मुली दार उघडेल अशा आशेवर बंद दारापुढे रांग लावून उभ्या होत्या. १९३३ साली कायदा बदलला, पुरुष असण्याची अट गेली, आणि १९३६ पासून नवा कायदा अमलात आला. तोवर स्त्री विभागातील विद्यार्थिनींची संख्या रोडावत गेली होती. कोणी लग्न करून गेल्या, कोणी घरच्यांच्या दडपणाने सोडले. योशिको टिकली. तीन वर्षांनंतर ती मेइजीच्या मुख्य कायदा विभागात मुलांबरोबर बसू लागली आणि १९३८ साली पदवी घेताना सर्वांत पहिली आली.

त्याच वर्षी ती सरकारच्या उच्च परीक्षेच्या न्याय शाखेत उत्तीर्ण झाली. ही परीक्षा अतिशय कठीण समजली जाई. त्या वर्षी तीन स्त्रिया उत्तीर्ण झाल्या : योशिको मुतो, मासाको तानाका आणि आइ कुमे. तिघी मेइजीच्याच. जपानच्या इतिहासात असे प्रथमच घडले होते. वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली.

पण आनंदात एक खडा होता. त्याच परीक्षेतून न्यायाधीश व सरकारी वकीलही निवडले जात, आणि त्या जागांसाठीच्या सूचनेत केवळ जपानी पुरुषच पात्र असल्याचे लिहिलेले होते. एकच परीक्षा, एकच अभ्यास, तेच गुण, तरी बाईला न्यायासनावर बसता येणार नव्हते. या अन्यायाचा संताप योशिकोबाईंच्या मनात घर करून राहिला. पुढच्या आयुष्यातील मोठे पाऊल त्यांनी उचलले त्याचे बीज येथे आहे.

उमेदवारीची दीड वर्षे

आपल्या मॉरिशसमध्ये कोर्टकचेरीचे काम वाटलेले असते. अशील प्रथम ॲटर्नीकडे जातो, ॲटर्नी कागदपत्रे सिद्ध करतो आणि बॅरिस्टर न्यायाधीशापुढे बाजू मांडतो. जपानात अशी विभागणी नाही. तेथे एकच वकील अशिलाची कहाणी ऐकतो, दावा लिहितो, पत्रव्यवहार करतो आणि कोर्टातही उभा राहतो. म्हणून नवशिक्या वकिलाला सगळेच शिकावे लागते.

परीक्षा झाली की लगेच सनद मिळत नसे. दीड वर्ष उमेदवारी करावी लागे. जे न्यायाधीश होण्यासाठी उमेदवारी करीत, त्यांना सरकारातून वेतन मिळे. जे वकील होण्यासाठी करीत, त्यांना सरकार काही देत नसे. पुरुषाला यांतून निवड करता येई. स्त्रीला निवड नव्हती. तिच्या वाट्याला बिनपगारी उमेदवारीच. योशिकोबाईंनी टोकियोच्या दुसऱ्या वकील संघाच्या देखरेखीखाली ही उमेदवारी पुरी केली.

उमेदवार वकिलाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला फारसे दिसत नाही. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात बसून जुनी प्रकरणे वाचायची, दाव्याचा मसुदा करायचा, तो लाल शाईने भरून परत आला की पुन्हा लिहायचा. कोर्टात मागच्या बाकावर बसून साक्षीदाराला प्रश्न कसे विचारतात ते ऐकायचे. अशील बोलू लागला की त्यातले काय कायद्याच्या उपयोगाचे आणि काय नुसते मनाचे दुःख, हे ओळखायला शिकायचे. आणि मनाचे दुःख कायद्याच्या उपयोगाचे नसले तरी ते ऐकून घ्यायचे, कारण ते ऐकले नाही तर अशील खरी गोष्ट सांगतच नाही. कौटुंबिक दाव्यात तर हे फारच खरे.

उमेदवारीनंतरची दुसरी परीक्षा पार करून १९४० साली या तिघीजणी सनदी वकील झाल्या. योशिकोबाईंचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

ज्या कायद्यावर वकिली करायची तो कायदा

आता या तरुण वकीलबाईला ज्या कायद्याच्या आधारे आपल्या भगिनींचे रक्षण करायचे होते, तो कायदा कसा होता ते पाहू.

जपानचा कौटुंबिक कायदा १८९८ पासून अमलात होता आणि त्याचा कणा होता घराणे. प्रत्येक घराण्याचा एक कर्ता असे. घरातल्या कोणाचेही लग्न कर्त्याच्या संमतीने व्हायचे. त्याखेरीज पुरुषाला तिसाव्या आणि स्त्रीला पंचविसाव्या वर्षापर्यंत आईबापांची संमती लागे. कर्त्याच्या मागे घर, जमीन व सत्ता सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्या भावांना, मुलींना आणि विधवेला त्याच्या मर्जीवर राहावे लागे.

लग्न झालेल्या स्त्रीला तर कायदा अपुरी व्यक्ती मानत असे. कर्ज घेणे, जामीन राहणे, जमीन विकणे, वारसा स्वीकारणे, नोकरीचा करार करणे, इतकेच काय, कोर्टात दावा लावणे, यांसाठीसुद्धा तिला नवऱ्याची परवानगी लागे. तिच्या मालमत्तेची व्यवस्थाही नवराच पाही. बायकोने व्यभिचार केला तर नवऱ्याला घटस्फोट मागता येई, पण नवऱ्याच्या बाबतीत तशा गुन्ह्याची शिक्षा झालेली असली तरच बायकोला मागता येई. घटस्फोटानंतर मुलांविषयी काही ठरले नसेल तर मुले बापाकडे राहत.

आणि घटस्फोट होई तरी कसा? बहुतेक वेळा कोर्टात जावेच लागत नसे. दोघांनी कागदावर शिक्के मारून तो नोंदणी कचेरीत दिला की संपले. कागदोपत्री ही दोघांची राजीखुशी. प्रत्यक्षात सासरच्यांनी नको झालेल्या सुनेकडून शिक्का मारून घ्यावा आणि तिला माहेरी धाडावे, असे कितीतरी घरांत घडे. अशी बाई वकिलाकडे येईपर्यंत कागद नोंदवला गेलेला असे.

सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की नोव्हेंबर १९४१ मध्ये स्वतः योशिकोबाईंनी लग्न केले, आणि त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने त्याही अपुऱ्या व्यक्ती झाल्या. दुसऱ्यांचे दावे लढवण्याची सनद जिच्या हाती, तिला स्वतःचा दावा लावायचा तर नवऱ्याची परवानगी हवी! त्यांचे पती योशिओ वादा हे पूर्वी मुतो कुटुंबाच्या घरी राहून शिकलेले, शांत व प्रेमळ गृहस्थ. त्यांनी पत्नीच्या कामात कधी आडकाठी केली नाही. पण नवऱ्याच्या चांगुलपणावर टिकलेला अधिकार हा अधिकार म्हणता येईल काय? हा प्रश्न योशिकोबाईंपुढे पुस्तकातून आला नव्हता, तो त्यांच्या घरातच बसला होता.

युद्धाच्या सावलीतील वकिली

वकिली सुरू झाली आणि वर्षभरात जपान महायुद्धात उतरला. देश युद्धात गुंतला की लोक आपसांतले दिवाणी दावे मागे ठेवतात. लढाईच्या दिवसांत घरादाराचे भांडण कोर्टात नेणे देशद्रोहासारखे वाटे. दिवाणी कामे झपाट्याने कमी झाली. ज्येष्ठ वकिलांनाच काम मिळेना, तेथे नव्या वकीलबाईकडे कोण येणार? तेव्हा योशिकोबाई मेइजीच्या स्त्री विभागात शिकवण्याचे काम करू लागल्या. ज्या वर्गात त्या बसल्या होत्या, त्याच वर्गापुढे उभ्या राहून त्या नव्या मुलींना नागरी कायदा समजावून देऊ लागल्या.

याच काळात जपानच्या कौटुंबिक कायद्यात एक नवी गोष्ट आली, तिचा उल्लेख येथे केला पाहिजे. १९३९ साली घरगुती तंट्यांत समेट घडवण्याचा कायदा झाला. याला कारणही युद्धच. सैनिक रणात पडला की त्याच्या निवृत्तिवेतनावरून विधवा सून आणि सासूसासरे यांच्यात भांडण जुंपे. अशी भांडणे उघड कोर्टात चालली तर सैन्याच्या मनोधैर्यावर परिणाम होईल अशी सरकारला भीती वाटली. म्हणून बंद दाराआड, जाणत्या माणसांसमोर दोन्ही बाजूंना बसवून तडजोड करण्याची पद्धत सुरू झाली. हेतू काही असो, पद्धत उपयोगी ठरली आणि पुढे तिला चांगले फळ आले.

युद्धाने योशिकोबाईंचे घर मात्र उद्ध्वस्त केले. १ जानेवारी १९४३ रोजी त्यांना मुलगा झाला. १९४४ साली पाठचा भाऊ इचिरो ज्या जहाजातून निघाला होता ते बुडवले गेले आणि तो मरण पावला. १९४५ साली पतींना सैन्यात बोलावणे आले व ते चीनला गेले. टोकियोवर बॉम्ब पडू लागले तेव्हा योशिकोबाई लहान मुलाला व भावाच्या विधवेला घेऊन फुकुशिमाकडील एका खेड्यात गेल्या. कायद्याची पदवीधर स्त्री तेथे शेतात राबली. युद्ध संपले, पण पती घरी पोहोचलेच नाहीत. आजारी अवस्थेत चीनहून परतलेल्या वादा यांचे मे १९४६ मध्ये नागासाकीच्या लष्करी इस्पितळात निधन झाले. पत्नीला शेवटची भेटही झाली नाही. १९४७ च्या जानेवारीत आई गेली आणि ऑक्टोबरात वडील. तेहतिसाव्या वर्षापूर्वीच योशिकोबाईंवर लहान मुलाची व धाकट्या भावांची जबाबदारी येऊन पडली.

आजवर कौटुंबिक कायदा हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. आता विधवा, वारसा, मुलाचे पालनपोषण हे शब्द त्यांच्या स्वतःच्या जीवनातले झाले.

न्यायाधीशपदासाठी अर्ज

कमाईचे साधन तर हवेच होते. पण योशिकोबाईंनी त्याच वेळी जुने शल्यही काढून टाकायचे ठरवले. मार्च १९४७ मध्ये त्या न्याय मंत्रालयात गेल्या आणि न्यायाधीशपदासाठी अर्ज दिला. नवी राज्यघटना ३ मे १९४७ पासून अमलात येणार होती. तिच्या चोविसाव्या कलमात विवाह हा केवळ दोघांच्या संमतीने व्हावा आणि पतिपत्नींचे हक्क समान असावेत असे म्हटले होते. मग न्यायासनावर बसायला बाई का नको, हा त्यांचा साधा सवाल होता.

वरिष्ठांनी त्यांना लगेच न्यायाधीश केले नाही. नवे सर्वोच्च न्यायालय स्थापन होऊ द्या, काही काळ कचेरीत काम शिका, असे त्यांना सांगण्यात आले. आणि त्यांची नेमणूक झाली ती कोठे? नागरी कायद्याची फेररचना चालली होती त्या कार्यालयात! ज्या कायद्याने त्यांना अपुरी व्यक्ती ठरवले होते, तोच कायदा बदलण्याच्या कामी त्या लागल्या. नव्या कायद्याचा मसुदा प्रथम वाचला तेव्हा स्त्री घराच्या बेड्यांतून मोकळी होऊन उभी राहिल्यासारखे वाटले, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

नवा कौटुंबिक कायदा १ जानेवारी १९४८ पासून लागू झाला. घराण्याच्या कर्त्याची सत्ता गेली. बायकोला नवऱ्याची परवानगी लागेनाशी झाली. मुलगा-मुलगी असा भेद न करता वारशात वाटा मिळू लागला. विधवेलाही हक्काने वाटा मिळाला. मुलाबाळांबरोबर तो तेव्हा एक तृतीयांश होता, आणि १९८० च्या दुरुस्तीने निम्मा झाला.

कुटुंब न्यायालय

कागदावर हक्क आला तरी तो मिळवून देणारी यंत्रणा लागते. १ जानेवारी १९४९ रोजी जपानभर कुटुंब न्यायालये सुरू झाली. घरगुती तंटे आणि अल्पवयीन मुलांचे गुन्हे ही दोन्ही कामे एका छपराखाली आणली गेली, कारण बिघडलेल्या मुलामागे बहुधा बिघडलेले घर असते. योशिकोबाई तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या कचेरीत होत्या व या न्यायालयांची घडी बसवण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. १९५० साली अमेरिकेत जाऊन त्यांनी तेथील कुटुंब न्यायालयेही पाहिली.

या न्यायालयाची रीत थोडक्यात अशी. घटस्फोटाचा दावा एकदम लावता येत नाही, आधी समेटाचा प्रयत्न करावाच लागतो. समेटाच्या खोलीत एक न्यायाधीश आणि समाजातील दोन जाणती माणसे, साधारणपणे एक पुरुष व एक स्त्री, अशी समिती असते. दोन्ही पक्षांना बहुधा आळीपाळीने बोलावून त्यांचे म्हणणे ऐकतात. सुनावणी उघडी नसते. पोटगी, मुलांचा ताबा, घराची वाटणी यांवर एकमत झाले की ते लिहून काढतात, आणि त्या लेखाला निकालाचे बळ येते. जमले नाही तरच दावा. आपल्या जुन्या गावपंचायतीची आठवण यावी अशी ही रीत आहे. फरक एवढाच की पंचांत आता बाईही बसते, आणि सुनेचा हक्क कायद्यात लिहिलेला असतो.

न्यायासनावर

ऑगस्ट १९४९ मध्ये योशिकोबाई टोकियोच्या जिल्हा न्यायालयात साहाय्यक न्यायाधीश झाल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मित्सुको इशिवाता या दुसऱ्या एक विदुषी त्यांच्या आधी साहाय्यक न्यायाधीश झाल्या होत्या. डिसेंबर १९५२ मध्ये योशिकोबाई नागोया येथे पूर्ण न्यायाधीश झाल्या. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या जपानी स्त्री.

येथे त्यांच्या स्वभावाचा एक पैलू सांगण्यासारखा आहे. स्त्रिया मनाने मायाळू, तेव्हा त्यांना कुटुंब न्यायालयातच नेमावे, असे वरिष्ठ म्हणू लागले होते. ऐकायला हे गोड वाटते. पण योशिकोबाईंनी त्यातला धोका ओळखला. पहिलीच बाई तिकडे गेली की तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येकीला तिकडेच ढकलतील. योग्यता ही माणसामाणसावर असते, स्त्री की पुरुष यावर नसते, असे त्यांचे मत होते. कुटुंब न्यायालय उभारायला ज्यांनी हात लावला होता, त्याच बाईंनी तेथे न्यायाधीश म्हणून जाण्यास पन्नाशी जवळ येईपर्यंत नकार दिला. तोवर त्यांनी इतर न्यायाधीशांप्रमाणे दिवाणी खटले चालवले.

त्यांतील एक खटला जगभर गाजला. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबॉम्बमध्ये होरपळलेल्या पाच जणांनी १९५५ साली जपान सरकारवर भरपाईचा दावा लावला होता. तो ऐकणाऱ्या तीन न्यायाधीशांत योशिकोबाई होत्या. ७ डिसेंबर १९६३ च्या निकालात टोकियो जिल्हा न्यायालयाने भरपाईचा दावा फेटाळला, पण ते बॉम्ब टाकणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध होते असे स्पष्ट नमूद केले, आणि पीडितांसाठी सरकारने काही करायला हवे होते असेही सुनावले.

१९५६ साली योशिकोबाईंनी पुन्हा विवाह केला. त्यांचे दुसरे पती केंतारो मिबुची हेही न्यायाधीश व विधुर. जपानच्या पहिल्या सरन्यायाधीशांचे ते चिरंजीव. त्यांना चार मुले होती आणि योशिकोबाईंना एक. दोन घरांचे एक घर करणे किती अवघड, हे आता कायद्याच्या जाणकार बाईंना स्वतःच्या स्वयंपाकघरात शिकावे लागले.

मुलांची न्यायाधीश

१९६२ नंतर त्या टोकियोच्या कुटुंब न्यायालयात आल्या व अल्पवयीन मुलांची प्रकरणे पाहू लागल्या. पाच हजारांहून अधिक मुलेमुली त्यांच्यापुढून गेली असे सांगतात. मुलाला शिक्षा किती द्यावी यापेक्षा मूल पुन्हा सरळ वाटेला कसे लागेल, याकडे त्या पाहत. वकिली शिकताना ऐकून घेण्याची जी सवय लागली, ती येथे कामी आली.

जून १९७२ मध्ये त्या निगाता येथील कुटुंब न्यायालयाच्या प्रमुख झाल्या. न्यायालयाच्या प्रमुखपदी स्त्री बसण्याची जपानातील ही पहिली वेळ. पुढे उरावा व योकोहामा येथेही त्या प्रमुख होत्या. समेटाच्या खोल्यांचा कळकट अवतार त्यांना खपत नसे. दुःखी माणसे जेथे येऊन बसतात ती जागा उजळ असावी, म्हणून त्यांनी भिंती रंगवून घेतल्या, चित्रे लावली. ज्याने कधी कचेरीच्या बाकावर तास न् तास वाट पाहिली आहे, त्याला याचे मोल कळेल.

१३ नोव्हेंबर १९७९ रोजी, पासष्टाव्या वाढदिवशी, त्या निवृत्त झाल्या. घरी स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी पुन्हा वकिलीची सनद घेतली, स्त्री वकिलांच्या संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले, आणि नोकरीतील स्त्रीपुरुष समानतेवर विचार करणाऱ्या सरकारी तज्ज्ञ समितीचे काम पाहिले. २८ मे १९८४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय एकोणसत्तर.

त्यांच्याबरोबर सनद मिळवलेल्या दोघींचीही आठवण ठेवली पाहिजे. आइ कुमे यांनी १९५० साली स्त्री वकिलांची संघटना उभी केली आणि १९७६ साली त्या निवर्तल्या. मासाको तानाका लग्नानंतर मासाको नाकाता झाल्या, तोत्तोरी या दूरच्या भागात त्यांनी वकिली केली, आणि १९६९ साली तेथील वकील संघाच्या अध्यक्ष झाल्या. वकील संघाचे अध्यक्षपद मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री.

आपल्याला काय घेण्यासारखे?

आपल्या मराठी मुलखातही ही लढाई झाली आहे. १८८४ साली मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंवर नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला एकही स्त्री वकील नव्हती. नाशिकला जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायदा शिकूनही, हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची रीतसर मुभा देणारा कायदा १९२३ साली होईपर्यंत त्यांना वाट पाहावी लागली. आणि आपल्या बेटावर? नेपोलियनच्या संहितेचा वारसा असलेल्या आपल्या कायद्यातही विवाहित स्त्री पूर्वी नवऱ्याच्या अधिकाराखाली होती. ते बदलायला १९८० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा जपानची ही कहाणी आपल्याला परकी नाही.

योशिकोबाईंच्या चरित्रातून एक गोष्ट विशेष ध्यानात येते. त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा काम नव्हते, कायदा विरोधात होता, आणि नंतर घरही कोसळले. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयातले दुर्लक्षित उमेदवारीचे दिवस आणि काम नसताना शिकवण्यात घालवलेली वर्षे वाया गेल्यासारखी दिसत होती. पण कायदा बदलायची वेळ आली तेव्हा जुना कायदा ओळ न् ओळ जाणणारी आणि तो अंगावर सोसलेली स्त्री त्या कचेरीत हजर होती. तयारी आधी झालेली होती, संधी मागाहून आली.

आज आपल्या वाकवा, कास्कावेलसारख्या गावांतल्या मराठी मुली कायद्याचा अभ्यास करू लागल्या आहेत. त्यांना पहिली काही वर्षे अशील मिळणार नाहीत, नावाची पाटी कोणी वाचणार नाही. आईवडिलांनी तेव्हा धीर सोडू नये. आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरात लग्नाची नोंदणी, वाटणीचा कागद, विधवेचा हिस्सा यांचे काम उद्यावर ढकलले जात आहे, त्यांनी ते आजच मार्गी लावावे. घरातल्या बाईला सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवावा व समजावून सांगावा. शिक्का मारून झाल्यावर वकिलाकडे धावणाऱ्या बायकांची जी कथा जुन्या जपानात घडली, ती आपल्या घरात घडू नये एवढे तरी आपल्या हाती आहे.